घाटापलीकडून आलेली चव

मटणाच्या वासाला दिशा असते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. आमच्या हिरकणीवाडीत माशाचा वास पश्चिमेकडून यायचा. महाडच्या बाजारातून, दासगावच्या खाडीकडून, श्रीवर्धन-हरिहरेश्वराच्या वाळवणांवरून सुकट, बोंबील आणि खारा बांगडा पिशव्यांत बसून एसटीने वर चढायचे, आणि त्या वासात मीठ असायचं, ऊन असायचं, तोवर न पाहिलेल्या समुद्राची ओली हाक असायची. मटणाचा वास मात्र पूर्वेचा. सह्याद्रीची भिंत ओलांडून, वरंध घाटाची वळणं उतरून, लोकरीत, घोंगडीत, घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्यांत मुरून तो यायचा. दिवाळी सरली, भातं झोडून झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, गडाच्या कड्याची सावली सकाळी बराच वेळ वाडीवरून हलेनाशी झाली, की एखाद्या धुकट पहाटे जाग यायची तीच त्या वासाने.

मेंढरं आली.

ती यायची फलटणच्या, माणच्या, पुरंदरच्या उघड्या माळांवरून. तिकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दसऱ्यापर्यंत गवत पिवळं पडतं आणि दिवाळीनंतर माळ नुसते दगड दाखवू लागतो. आमच्याकडे ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळून गेलेलं पाणी हिवाळाभर जमिनीच्या पोटात झिरपत असतं. कापलेल्या भाताच्या धसकटांना पुन्हा हिरवे फुटवे येतात, बांधांच्या कडेला कोवळं गवत तग धरून असतं. म्हणून कोरडा मुलूख ओल्या मुलखाकडे चालत येतो. खाचरात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतवून घ्यायची आणि त्या बदल्यात धनगराला भात मोजून द्यायचं, हा आमच्या पणज्यांच्याही आधीपासूनचा व्यवहार. जूनचे ढग दिसायच्या आत कळप पुन्हा घाट चढायला लागत, कारण कोकणच्या पावसात मेंढीचे खूर कुजतात. आमच्या इथले धनगर वेगळे. रायगडाच्या माथ्यावर आणि कुशीत राहणारे ते गवळी धनगर, म्हशींचे धनी. दूध, ताक, दही यांवर त्यांचा संसार. मेंढी त्यांच्याकडेही नाही. त्यामुळे मेंढरू हा आम्हा सगळ्यांच्याच लेखी पाहुणा होता, आणि पाहुण्याकडे जसं टक लावून पाहावं तसा मी कळपाकडे पाहत बसायचो.

आमच्या खालच्या खाचरात वाडा पडायचा. वाघरीचं जाळं खुंट्यांवर ताणून गोल केलेला, त्यात दाटीवाटीने बसलेल्या काळ्या-करड्या पाठी, आणि पहाटे त्या पाठींवरून उठणारी वाफ. मी बांधावर उकिडवा बसून बघायचो. लोकरीच्या टोकाटोकाला दव अडकलेलं असायचं. एखादी मेंढी अंग झाडायची आणि क्षणभर तिच्याभोवती पाण्याची बारीक राळ उडायची. मग पुन्हा तोच संथ रवंथ, तोच अर्धवट मिटलेला पिवळट डोळा. वास असा, की तो नाकाला आधी कळतच नसे, कपाळामागे कुठेतरी कळायचा. ओली लोकर, लेंड्या, आंबूस दूध, चरबी, धूर, आणि या सगळ्यांच्या तळाशी उबेचा एक वास, ज्याला मी आजतागायत दुसरं नाव देऊ शकलेलो नाही. आई म्हणायची, अंघोळ कर, मेंढरासारखा वास येतोय तुझा. मला तो वास उतरवून टाकायचा नसे.

वाड्याच्या एका बाजूला डालगी उपडी घातलेली असत आणि त्यांच्याखाली कोकरं. दिवसभर कळप रानात जायचा तेव्हा ही नव्याने जन्मलेली पोरं मागेच राहायची, आणि डालग्यांच्या फटींतून त्यांच्या ओल्या नाकपुड्या दिसायच्या. दुपारभर ती गप्प. संध्याकाळी, कळप अजून ओढ्यापलीकडे असतानाच, डालग्यांखालून एक बारीक सूर निघायचा, त्याला पलीकडून जाड सूर उत्तर द्यायचा, आणि बघता बघता सगळी दरी हाकांनी भरून जायची. शेकडो आया, शेकडो लेकरं, प्रत्येकाचा गळा वेगळा. म्हातारा धनगर डालगी उलटायचा. त्यानंतरचा गोंधळ मी कितीदा पाहिला तरी माझं पोट भरत नसे. कोकरू धावत जाऊन दिसेल त्या सडाला तोंड लावायचं, मेंढी मान वळवून त्याची शेपटी हुंगायची, आणि आपलं नसेल तर डोक्याने बाजूला सारायची. ते रडत पुढे जायचं. पुन्हा हुंगणं, पुन्हा सारणं. मग एका क्षणी एक मेंढी हुंगायची आणि थांबायची. कान मागे पडायचे. कोकरू गुडघे टेकून ढुशा द्यायला लागायचं, आणि त्याची शेपटी अशी थरथरायची की साऱ्या अंगाचा आनंद त्या चार बोटांत गोळा झाला असावा.

वर, डोक्यावर, हिरकणीचा बुरूज असायचा.

ती गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरात राहिलेलं तान्हं मूल, आणि जिथून उतरणं शक्यच नाही अशा कड्यावरून उतरलेली आई. सांगतात, की महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून वाट बंद केली. बाहेरच्यांना ही शौर्याची गोष्ट वाटते. आम्ही त्या बुरुजाखालीच वाढलो, आणि माझ्या आईने ती मला कधी शौर्याची म्हणून सांगितली नाही. ती सांगायची पान्ह्याची गोष्ट. छाती भरून आली की बाईला दुसरं काही दिसत नाही रे, कडाही दिसत नाही, एवढंच ती म्हणायची, आणि चुलीत लाकूड सरकवायची. संध्याकाळी मेंढ्यांच्या हाका सुरू झाल्या, की ती हातातलं काम थांबवून दारात यायची आणि शेवटचं कोकरू लागेपर्यंत उभी राहायची.

एका हिवाळ्यात एक कोकरू बांधावरून खालच्या घळीत पडलं. पाय मोडला होता, पाठीचं काही खरं नव्हतं. म्हाताऱ्याने त्याला उचललं, पोटावरून हात फिरवला, मोडलेल्या पायाची हाडं बोटांनी चाचपली, बिरोबाचं नाव घेतलं आणि सुरी काढली. धनगर आपल्या कळपातलं जनावर सहजी कापत नाही. कळप म्हणजे त्याची शेती, त्याची ठेव. त्या दिवशी त्याचा चेहरा बंद झाला होता. तासाभराने तो आमच्या दारात आला, हातात जर्मनचं पातेलं आणि त्यावर पळसाची पानं. म्हणाला, “वैनी, तुमच्या रानात गेलं, तुमचा वाटा हाय.”

आई नको म्हणू शकली नाही. तिने अंगणात तीन दगड मांडले, कारण घरातल्या चुलीवर मेंढराचं शिजवायचं नाही असा आजीचा दंडक होता. मला ते सगळं आजही दिसतं. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजलेला, कांद्याची बाहेरची सालं काळी होऊन आतून पाणी सुटलेलं. पाट्यावर वाटणाची घरघर. आलं-लसणाचा तिखट झोत. घरच्या लाल मसाल्याला तेल सुटताना उठणारा खाट. आणि मग मांस टोपात पडलं, तसा त्या सगळ्या मसाल्यांच्या वर, त्यांना बाजूला सारत, तो वास आला. पहाटेच्या वाड्याचा. लोकरीचा, दुधाचा, उबेचा. मी चमकून खाचराकडे पाहिलं. वाटलं, कळप लवकर परतला.

बाबा आणि मी जेवलो. तांदळाची भाकरी, पातळ लाल रस्सा, आणि इतकं कोवळं मांस की दातांना काही करावं लागलं नाही. बोकडाच्या मटणाला एक ताठपणा असतो, ते तुमच्याशी झुंजतं. हे जिभेवर नुसतं विरलं आणि मागे चरबीची एक गोड, दाट साय सोडून गेलं. मला ते फार आवडलं. तितकं चवदार काही मी तोवर खाल्लं नव्हतं, आणि हे मी आज कोणतीही भर न घालता लिहितो आहे. आई जेवली नाही. तिने ताकात भाकरी कुस्करून खाल्ली. दूधपितं मारू नये, मारावं लागलं तर खाऊ नये, एवढंच म्हणाली, आणि आम्हाला मात्र पुन्हा पुन्हा वाढत राहिली.

त्या रात्री खालच्या खाचरातून एक मेंढी ओरडत होती. दुसऱ्या रात्रीही. म्हाताऱ्याची बायको आमच्याकडे ताक न्यायला आली तेव्हा आईने तिला विचारलं. ती म्हणाली, “वास हाय ना अजून रानात. वास हाय तवर वरडंल.”

मोठा होत गेलो तसं मटण खाल्लं ते मुख्यतः बोकडाचं. गावच्या रीतीचं, वाटे पाडून. आषाढाच्या अखेरीला किंवा शिमग्याच्या दिवसांत पाच-दहा घरांनी मिळून बोकड घ्यायचा, सागाच्या पानांवर त्याचे वाटे मांडायचे. त्या मांडणीत जी न्यायबुद्धी असते ती मला फार सुंदर वाटते. मांडीचं मांस सगळ्यांना थोडं, चाप सगळ्यांना थोडी, काळजाचा एक तरी तुकडा प्रत्येक पानावर, वजडी मोजून, नळी मोजून. विधवेच्या पानावर कुणीतरी गुपचूप एक तुकडा जास्त सरकवतो आणि सगळे दुसरीकडे पाहतात. मग संध्याकाळी सगळ्या वाडीवर एकच वास तरंगतो. धुरातून, कौलांतून, ओल्या अंगणांतून. जेवणाला बसलेली माणसं थोडा वेळ बोलत नाहीत. फक्त नळी ताटावर आपटल्याचा आवाज, या घरातून, त्या घरातून.

गडाखालचा हा वास किती जुना असेल, याचा विचार करताना मला नेहमी एक म्हातारा आठवतो, ज्याचं नाव इतिहासाने ठेवलं नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर मुक्कामाला होता. जॉन फ्रायरने लंडनमध्ये १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्या मुक्कामाची हकीकत दिली आहे. इंग्रजांना गडावरच्या तुपातल्या खिचडीचा कंटाळा आला. मांसाची सवय झालेली ती माणसं. महाराजांच्या कानी हे घातलं गेलं, आणि तिथल्या मोजक्या मुसलमानांना मांस पुरवणाऱ्या एका खाटकाला हुकूम झाला. दुसरं काही मिळत नव्हतं, बकऱ्याचं मांस तेवढं मिळायचं. रोज अर्धा बकरा त्यांना लागे. त्या खाटकाने गेल्या काही वर्षांत विकलं नसेल इतकं मांस त्या थोड्या दिवसांत विकलं, आणि मग त्याला एकच इच्छा झाली, की आपल्या या गिऱ्हाइकांना एकदा डोळ्यांनी पाहावं. तो फार म्हातारा होता. तरी तो गड चढून गेला.

मी तो चढ ओळखतो. आमच्या वाडीतून १९९६ पासून रोपवे सुरू आहे, आणि काचेच्या डब्यात बसलेली माणसं चार-पाच मिनिटांत वर पोचतात. पण चित्त दरवाजाच्या वाटेने पायी चढणाऱ्याला प्रत्येक वळणावर कडा आपलं वय सांगतो. वरची थंड हवा मानवत नाही म्हणून जिजाऊसाहेबांसाठी खाली पाचाडला वाडा बांधला होता, असं सांगतात. अशा गडावर एक थकलेला खाटीक राज्याभिषेकाच्या गर्दीतून, हत्तींच्या आणि भालदार-चोपदारांच्या मधून, धापा टाकत चढतोय. त्याला सिंहासन पाहायचं नाही. ज्यांच्या ताटात आपल्या हातचं मांस जातं ती तोंडं त्याला पाहायची आहेत. मला या माणसाबद्दल जी माया वाटते ती मला नीट उलगडून सांगता येत नाही. मांस कापणाऱ्याला आणि खाणाऱ्याला एकमेकांचा चेहरा दिसावा, यासाठी कुणीतरी एवढा चढ चढलं होतं. आज आपण काळ्या पिशवीतून अर्धा किलो घेऊन येतो, आणि कुणाचाच चेहरा पाहत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, तिथे औषधांसाठी लागणारा काही कच्चा माल चीनहून यायचा. तो पाहायला मला एका जानेवारीत शिजियाझुआंगला पाठवण्यात आलं. बीजिंगच्या नैऋत्येला, हेबेई प्रांताची राजधानी, औषधांच्या कारखान्यांचं शहर. पश्चिमेला ताइहांगचे डोंगर, आणि दिवसभर राखाडी आकाश. थंडी कोरडी, इतकी की ओठांवरून जीभ फिरवली तरी ओल टिकत नव्हती. आमच्या थंडीत दव असतं, धुकं असतं, ती अंगाला बिलगते. ती थंडी हाडाला विचारत होती, तू इथला कोण.

कामं आटोपल्यावर तिथल्या एका यजमानाने मला जेवायला नेलं. हुई मुसलमानांचं साधंसं उपाहारगृह होतं, हिरव्या पाटीचं. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात दारांना कापूस भरलेले जाड पडदे लावतात. तो गोधडीएवढा जड पडदा हाताने बाजूला सारून मी आत पाऊल टाकलं, आणि माझा चष्मा एकदम वाफेने आंधळा झाला. काही दिसेना. माणसांचा कलकलाट, भांड्यांचे आवाज, आणि त्या पांढऱ्या आंधळेपणातून, जगाच्या दुसऱ्या टोकाला, एका अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, माझ्या कपाळामागे ती जुनी जागा उघडली. लोकर. चरबी. धूर. ऊब.

मी खालच्या खाचराच्या बांधावर उभा होतो.

टेबलाच्या मधोमध तांब्याचं भांडं आलं. त्याच्या पोटातून वर गेलेलं धुराडं, आत धगधगते कोळसे, आणि धुराड्याभोवतीच्या खंदकात उकळणारं नुसतं पाणी. त्यात आल्याच्या दोन-चार चकत्या, पातीच्या कांद्याचे तुकडे, बस. मी मसाल्याची वाट पाहत राहिलो. मसाला नव्हताच. मांस आलं कागदासारखं पातळ, गुलाबी, कडेला चरबीची पांढरी रेघ. यजमानाने काड्यांनी एक काप उचलून पाण्यात हलवला. गुलाबी रंग डोळ्यांदेखत राखी झाला, कडा किंचित वळल्या, आणि त्याने तो तिळाच्या दाट चटणीत बुडवून माझ्या वाटीत ठेवला. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि तिळाची खमंग भाकरी. आमच्याकडे वाटणाने मांसाचा वास झाकायचा असतो. तिथे त्या वासालाच पाटावर बसवलं होतं. पहिला घास तोंडात विरला, आणि चरबीची ती गोड साय जिभेवर पसरली. किती वर्षांनी.

मग जिऱ्या-मिरचीत लोळवून कोळशावर भाजलेल्या सळया आल्या. जिरं तिकडे पश्चिमेच्या वाटेने आलं, शिनजियांगच्या वाळवंटांवरून. पण त्याचा भाजका वास मला सरळ माझ्या आईच्या तव्यापाशी घेऊन गेला. मग पाठीच्या कण्याच्या मणक्यांचं मोठं ताट आलं. ते हातानेच खायचं. यजमानाने मला एक नळी दिली, आतली मज्जा ओढून घ्यायला, आणि मी ती बाजूला ठेवून मणका तोंडाला लावला, आमच्या गावी लावतात तसा. पलीकडच्या टेबलावरची एक म्हातारी बाई माझ्याकडे पाहून मोठ्याने काही म्हणाली. यजमानाने दुभाष्याचं काम केलं: ती म्हणते आहे, या माणसाला खाता येतं.

मी विचारलं, मेंढ्या कुठल्या. तो म्हणाला, उत्तरेकडच्या. भिंतीपलीकडच्या, शिलिंगोलच्या गवताळ माळांवरच्या. त्याने टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून एक रेघ ओढली. ही भिंत. इकडे शेती, तिकडे मेंढ्या. नंतर मी वाचलं, की चीनची ती मोठी भिंत बऱ्याच अंतरापर्यंत वर्षाला ४०० मिलिमीटर पावसाच्या रेषेजवळून जाते. जिथे पाऊस पिकाला पुरेनासा होतो, तिथून पुढे गवत आणि गवतामागून चालणारी माणसं. राजे-बादशहांनी ती बांधली, सैन्यं त्यावर लढली, पण त्या आधी पावसाने ती आखली होती. आमची भिंत सह्याद्रीने बांधली. तिच्यावर पाऊस आपटतो आणि इकडेच रिकामा होतो, म्हणून इकडे भात आणि मासा, तिकडे बाजरी आणि मेंढी. आणि दोन्हीकडे भिंत असूनही, दरवर्षी, खिंडीतून, घाटातून, तो वास अलीकडे येतोच. ओल्या मुलखाला थंडीत कोरड्या मुलखाची ऊब लागते.

चहाची रेघ हळूहळू वाळत होती. मी शेवटचा काप पाण्यात धरला, आणि त्या वाफेत मला एकदम ती मेंढी आठवली. दोन रात्री ओरडणारी. वास आहे तोवर. ज्या वासाला मी इतका वेळ घर म्हणत होतो, माझं बालपण म्हणत होतो, तो कशाचा होता हे मला तेव्हा, तिथे, उमगलं. शेकडो कोकरांतून आपलं एक ओळखताना मेंढी जे हुंगते, तेच मी त्या पडद्याआड शिरताना ओळखलं होतं. मसाल्याने झाकलं तरी न झाकलं जाणारं, उकळत्या पाण्यातही न विरणारं. चवीच्या तळाशी आईची खूण होती.

मी तो काप खाल्ला. सावकाश. टाकून देणं मला जमलं नसतं, आणि घाईने गिळणंही नाही.

परतल्यावर हिरकणीवाडीला गेलो तेव्हा आई ओटीवर वाल सोलत बसली होती. बाबा आता नाहीत. वाडीतली निम्मी पोरं मुंबईला, उरलेल्यांच्या घरांतून गड पाहायला येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची ताटं लागतात. आमचं खालचं खाचर गेली काही वर्षं पडीक आहे; भातच नाही तर धनगराला मोजून काय देणार, म्हणून वाडा पुढच्या गावांना पडतो. मी तिला सगळं सांगितलं. पडदा, तांब्याचं भांडं, जिरं, ती म्हातारी बाई. ती ऐकत होती आणि तिचे अंगठे वालाची सालं काढत होते. मग तिने विचारलं, “कोकराचं होतं?”

मी म्हटलं, “हो.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. वालाची एक मूठ टोपलीत पडली, दुसरी पडली. पलीकडे रोपवेचा डबा बुरुजाच्या बाजूने वर जात होता.

“तुझ्या बाबांना पण आवडलं होतं ते,” ती म्हणाली. “त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण मला दिसलं होतं.”

मग ती उठली, पदराला हात पुसले, आणि मला विचारलं की दिवाळीनंतर रजा मिळेल का. मी म्हटलं, मिळेल, का? ती म्हणाली, वरंधला निरोप धाड. म्हाताऱ्याचा मुलगा कळप घेऊन उतरत असेल, त्याला सांग, यंदा आमच्या खालच्या खाचरात बस. भात महाडहून विकत आणू, पोतंभर, दोन पोती, काय लागेल ते. मी म्हटलं, “आई, शेतच करत नाही आपण, खत कशाला?” ती तोवर माळ्याखाली गेली होती आणि वाकून काहीतरी ओढून काढत होती. जुनी डालगी होती, एकात एक घातलेली, धूळ बसलेली.

“ही झटकून ठेव,” ती म्हणाली. “त्यांची फाटलेली असतात. कोकरांना रात्री वारा लागतो.”